मे फ्लॉवरला नुसती पानंच येतात? आधी मागची दिवाळी आठवा

कांदा जिवंत असतो. मृग लागला की हळदीसारखी रुंद पानं काढतो, श्रावणात कुंडी भरून टाकतो, आणि तरी पुढच्या मे महिन्यात लाल गोंडा काही वर येत नाही. मे फ्लॉवर, म्हणजे ज्याला काही जण फुटबॉल लिली म्हणतात, ते लावणाऱ्या आमच्या परभणी-नांदेडकडच्या बऱ्याच जणींकडून ही तक्रार ऐकते. मी स्वतः चार वर्षं हेच भोगलंय. त्या चार वर्षांत काय काय करून पाहिलं आणि शेवटी फूल कशानं आलं, ते इथं सविस्तर लिहिते. कारणं वेगवेगळी असू शकतात, पण आपल्याकडे पहिला संशय कशावर घ्यायचा हे आता मला पक्कं कळलंय.

आधी झाडाची ओळख, कारण काही ठिकाणी गुलमोहरालाही मे फ्लॉवर म्हणतात. मी सांगतेय तो कांदा आहे. शास्त्रीय नाव स्कॅडॉक्सस मल्टिफ्लोरस, जुन्या पुस्तकांत हीमँथस. उन्हाळ्याच्या शेवटी जमिनीतून एक जाड दांडा निघतो आणि त्याच्या टोकाला शेदोनशे बारीक फुलांचा मिळून एकच लालभडक चेंडू होतो. पानं बहुतेक फुलाबरोबर किंवा फुलानंतर येतात. मूळचा हा आफ्रिकेतला, सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडचा. येमेन आणि सौदी अरेबियाच्या डोंगराळ भागातही आहे. तिकडे पाऊस पडतो तेव्हा तो वाढतो आणि कोरडे महिने जमिनीखाली झोपून काढतो. हे झोपणं लक्षात ठेवा, सगळी गोष्ट त्याच्याभोवतीच फिरते.

मला हे कांदे रत्नागिरीच्या आत्याने दिले. तिच्याकडे जांभ्याच्या गडग्याला लागून ओळीनं उगवतात, कुणी कधी खत घालत नाही, पाणी घालत नाही. मार्चमध्ये गेले होते तेव्हा तिने तीन कांदे उकरून वर्तमानपत्रात गुंडाळून दिले. एक मी तुळशी वृंदावनाच्या कडेला लावला, एक कुंडीत, आणि तिसरा आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या बाईंना दिला. त्यांनी तो फुटक्या घमेल्यात लावला. दोन महिन्यांनी माझ्या दोन्ही कांद्यांना फुलं आली. वृंदावनाजवळचा गोंडा तर पसाभर होता. सासूबाईंनी त्याच्यापुढेही रांगोळी काढली होती.

आणि मग चार वर्षं काही नाही.

आता मागे वळून पाहते तेव्हा कळतं की ते पहिलं फूल माझं नव्हतंच. ते आत्याच्या मातीचं होतं. हा कांदा बहुतेकदा पानं वाढण्याआधीच फूल काढतो, मग त्या फुलाला लागणारा अन्नसाठा कुठून येतो? तो मागच्या पावसाळ्यातल्या पानांनी करून ठेवलेला असतो, आणि कळीही त्या साठ्यावरच कांद्याच्या पोटात आधी तयार झालेली असते. म्हणून विकत किंवा भेट आणलेला कांदा पहिल्या वर्षी फुलतो आणि नंतर रुसतो. तुमच्याकडेही तसंच झालं असेल, तर कांद्यात खोट नाही, तुमच्या घरच्या वर्षात काहीतरी चुकतंय. आणि पहिल्या वर्षीसुद्धा फुलला नसेल तर कांदा लहान होता एवढंच समजा. लिंबाएवढा कांदा फक्त पानं देतो. मोठ्या चिकूएवढा झाला की मग त्याच्याकडून फुलाची आशा धरावी.

मी आधी सगळे उपाय मे महिन्यात केले, तिथंच फसले. दुसऱ्या वर्षी वाटलं ऊन कमी पडतंय, म्हणून कुंडी पश्चिमेच्या भिंतीला नेली, पानं करपली. तिसऱ्या वर्षी घरी शेतातून आलेला युरिया होता, त्यातला मूठभर टाकला. पानं इतकी माजली की येणारे-जाणारे थांबून बघायचे, फूल मात्र शून्य. युरियातल्या नत्राचा स्वभावच तसा आहे, पानाकडे धावतो. चौथ्या वर्षी कुणीतरी सांगितलं म्हणून कांदा चार बोटं खोल पुरला. तेही चुकीचं. या कांद्याची मान मातीच्या वर किंवा मातीच्या बरोबरीला हवी, नुसतं अंग आत. एका रोपवाटिकेतून आणखी एक कांदा आणला, तोही पुढच्या वर्षी पहिल्या दोघांसारखाच वागला.

त्या चौथ्या मे महिन्यात गल्लीच्या टोकाच्या बाई घमेलं घेऊन दाराशी आल्या. त्यात मधोमध लाल चेंडू. त्यांच्याकडे तो दरवर्षी फुलत होता, मला माहीतच नव्हतं, कारण त्यांच्या घरी माझं जाणं-येणं नव्हतं. मी विचारलं, तुम्ही याला काय घालता? त्या म्हणाल्या, "काही नाही ताई, आम्ही असतोय कुठं?" त्यांचं सगळं घर दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातं, कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की गुढीपाडव्याच्या आसपास परत येतं. तेवढे महिने घराला कुलूप. घमेलं ओसरीच्या कोपऱ्यात, पावसापासून आडोशाला. ना पाणी, ना कुणाचा हात. पानं आपोआप पिवळी होऊन वाळून जायची, माती खडखडीत व्हायची, आणि वैशाखात फूल यायचं.

एकाच आत्याचे, एकाच ओळीतले कांदे. फरक फक्त दसरा ते पाडव्याच्या मधल्या वागणुकीचा. त्या दिवशी संध्याकाळी मी आमच्या अंगणात उभी राहून त्याच महिन्यांत आपण काय करतो ते एकेक आठवलं, आणि चूक समोर दिसली.

पहिली चूक दिवाळीची साफसफाई. ऑक्टोबरच्या शेवटी या कांद्याची पानं अर्धी हिरवी, अर्धी पिवळी, कडेनं फाटकी दिसतात. अंगण सारवायचं, वृंदावनाला चुना लावायचा, रांगोळीला जागा हवी, मग आपण कोयता घेऊन ती पानं बुडापासून छाटतो. मी चारही वर्षं छाटली होती. पण तेच दिवस असतात जेव्हा पान आपल्यातलं अन्न खाली कांद्यात उतरवतं. हिरवं पान कापलं की तेवढं जेवण त्याच्या तोंडातून काढून घेतल्यासारखं होतं. पान पूर्ण वाळून, हातानं नुसतं ओढलं की सुटून येईल तेव्हाच काढायचं. दिवाळीत बरं दिसत नसेल तर कुंडी उचलून मागच्या दारी न्या. जमिनीत असेल तर पानं सुतळीनं सैल बांधून एका बाजूला वळवा, पण कापू नका.

दुसरी चूक रोजचा सडा आणि तुळशीचं पाणी. वृंदावनाच्या कडेला लावलेल्या कांद्याला थंडीतही रोज सकाळी तांब्याभर पाणी मिळत होतं. तुळशीला पाणी घालणं कुणी बंद करणार नाही, करूही नये. त्यामुळे त्या कांद्याला कोरडी झोप कधी लागलीच नाही. नंतर एका पौषात मी तो उकरून पाहिला तेव्हा मुळं पांढरी, ओली, जागी होती आणि मानेतून हिरवा कोंब डोकावत होता. अशा कांद्याला वर्ष सुरू कधी होतं आणि संपतं कधी हेच कळत नाही. तो वर्षभर एखाद-दुसरं पान काढत राहतो आणि सगळा साठा त्यातच घालवतो. ज्यांच्याकडे कुंड्यांना ठिबक आहे त्यांच्याकडे हेच होतं, कारण ठिबकची नळी सगळ्या कुंड्यांना सारखं पाणी देते. मे फ्लॉवरच्या कुंडीची नळी कार्तिकात काढून ठेवा.

म्हणून पहिली तपासणी ही करा. आजची तारीख कोणतीही असो, मागचा नोव्हेंबर ते एप्रिल हा काळ आठवा. पानं कधी गेली, कापून की वाळून? त्या काळात त्या जागेवर पाणी पडत होतं का? सडा, तुळस, न्हाणीचा ओघळ, कूलरच्या पाण्याचा निचरा, शेजारच्या मोगऱ्याला दिलेलं पाणी, यातलं काहीही. बहुतेक वेळा उत्तर इथंच सापडतं.

मी आता असं करते. दसऱ्यानंतर पाणी निम्म्यावर आणते. दिवाळी झाली की पूर्ण बंद. पानं वाळून गेली की कुंडी जिन्याखाली, अंधाऱ्या कोरड्या जागी, बाजूला कलती ठेवते, म्हणजे चुकून कुणी पाणी ओतलं तरी आत साचत नाही. कांदा कुंडीतच राहू देते, उकरत नाही, कारण याची मुळं जाड आणि मांसल असतात, तुटली की भरून यायला एक हंगाम जातो. अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला कुंडी बाहेर काढते आणि एक पेला पाणी देते. एकच पेला. मग मान रोज बघायची. फुलाचा कोंब जाडसर, बोथट, लालसर-तपकिरी वेष्टनात असतो. पानाचा कोंब निमुळता, गुंडाळलेला, बुडाशी जांभळट ठिपके असलेला. पहिला दिसला की पाणी नीट सुरू करा. दुसरा आधी दिसला तर यंदाचं फूल बहुधा गेलं असं समजा, पण हिरमुसून झाडाकडे दुर्लक्ष करू नका, कारण पुढच्या वर्षाची तयारी त्याच पानांवर आहे.

फूल आल्यावर कुंडी सावलीत न्यायची. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि दुपारचा वारा भट्टीसारखा लागतो. उघड्यावर गोंडा तीन-चार दिवसांत काळवंडतो, ओसरीत ठेवला तर आठवडाभर, कधी जास्तही टिकतो. पानांसाठी सकाळचं ऊन आणि दुपारची सावली हवी. आमच्याकडे सगळ्यात चांगली जागा निघाली ती लिंबाखालची, म्हणजे कडुलिंबाच्या पूर्वेची. पश्चिमेची सिमेंटची भिंत टाळाच, ती रात्री दहापर्यंत तापलेली असते.

आता दुसरी मोठी अडचण, जिच्यात फूलच काय, कांदाही हातचा जातो: कुजणं. जुलै-ऑगस्टमध्ये पानं अचानक मलूल होतात, धरून ओढलं की सगळा झुपका हातात येतो आणि बुडाशी घाण वास येतो. कारण आपली काळी माती. आत्याच्या जांभ्यातून पाणी चाळणीतून जावं तसं निघून जातं. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि ते दिवसेंदिवस धरून ठेवते, आणि उन्हाळ्यात तीच आक्रसून अशी भेगाळते की मुळं तुटतात. कापसाला, तुरीला ती सोनं आहे, या कांद्याला नाही. हळद करणाऱ्या वसमतकडच्या कुणालाही विचारा, सरीत पाणी साचलं की कंदकुज आलीच म्हणून समजा. इथंही तोच नियम.

निव्वळ काळ्या मातीत तो लावूच नका. मी एक भाग काळी माती, एक भाग चाळलेला लाल मुरूम, एक भाग जाड वाळू आणि एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत घेते. मुरूम घेताना पांढरे चुनखडीचे खडे असलेला घेऊ नका. जमिनीत लावायचा असेल तर वीतभर उंच वाफा करून वर लावा. कुंडी आठ-दहा इंची पुरते, फार मोठी नको, कारण मोठ्या कुंडीत मुळं नसलेली माती ओली राहते. शिवाय हा कांदा थोडा दाटीत बरा फुलतो. बुडाची भोकं खापरीनं झाका आणि कुंडी दोन विटांवर ठेवा. पावसाळ्यात बशी काढून टाका.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जी अतिवृष्टी झाली, तिच्यात माझे जमिनीतले सगळे कांदे गेले. तेव्हा शेतांच्या शेतं खरवडून गेली होती, कापूस-सोयाबीन पाण्यात उभं होतं, त्यापुढे माझ्या पाच कांद्यांचं दुःख मी कुणाला सांगितलं नाही. पण विटांवरच्या कुंड्या वाचल्या, ही गोष्ट सांगण्यासारखी आहे.

कुजायला लागलेला कांदा लवकर सापडला तर वाचतो. उकरून पाण्यानं धुवा, बोटानं दाबून बघा. मऊ, तपकिरी भाग धारदार सुरीनं पांढरं घट्ट अंग लागेपर्यंत कापून टाका. बुडाची चकती, जिथून मुळं फुटतात, ती शाबूत असेल तरच पुढची मेहनत करा. ती कुजली असेल तर टाकून द्या. कापलेल्या जागेवर बुरशीनाशक पूड किंवा ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) लावून तीन-चार दिवस सावलीत वाळवा, मग निव्वळ जाड वाळूत, मान पूर्ण उघडी ठेवून लावा. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं बायोमिक्स, म्हणजे उपयोगी बुरशी-जिवाणूंचं मिश्रण, हळद-आल्याच्या कंदकुजीसाठी शेतकरी वापरतात. मी पावसाच्या तोंडावर कुंड्यांना तेच देते.

हे करताना हातमोजे घाला. या कांद्यात लायकोरिनसारखी विषारी द्रव्यं असतात. आफ्रिकेत काही ठिकाणी बाणांच्या विषात आणि मासे गुंगवायला याचा वापर होत आला आहे. चीक अंगाला लागला तर खाज सुटू शकते, पोटात गेला तर उलट्या होतात. आपल्याकडे धोका वेगळाच आहे: वाळलेला हा कांदा स्वयंपाकाच्या कांद्याशेजारी पडला तर घाईत कुणाच्याही हाती लागू शकतो. उकरून ठेवायची वेळ आलीच तर स्वयंपाकघरात, माळ्यावर कांद्याच्या टोपलीजवळ मुळीच नको. चिठ्ठी लावून वेगळ्या डब्यात ठेवा. शेळ्या, वासरं बांधलेली असतील तिथंही लावू नका.

ऑगस्टमध्ये आणखी एक पाहुणी येते. काळपट अंगावर पांढरे आणि लाल-नारिंगी ठिपके असलेली अळी. ती लिलीच्या कुळावरच जगते, गावाकडच्या नागदवण्यावरही दिसेल, खड्यानागाच्या वेलावरही. झुंडीनं येते आणि दोन रात्रींत पानाची चाळण करते. पान गेलं म्हणजे मेचं फूल गेलं, म्हणून हिच्याकडे काणाडोळा नको. संध्याकाळी बॅटरी घेऊन पानाची खालची बाजू बघा, अळ्या चिमट्यानं वेचून साबणाच्या पाण्यात टाका. दोन-तीन कुंड्या असतील तर एवढं पुरतं. जास्त असतील तर निंबोळी अर्क फवारा, तोही ऊन उतरल्यावर.

बोअरच्या पाण्याचा त्रास हळू दिसतो. कुंडीच्या कडेला पांढरी खपली, पान पिवळं पण शिरा हिरव्या, हे दिसलं की क्षार वाढलेत आणि झाडाला लोह मिळत नाही. राख टाका असं बरेच जण सांगतात. मी नको म्हणेन. आपली माती आधीच अल्कधर्मी आहे, राख तिला आणखी तिकडेच ढकलते. पावसाळ्यात पत्र्यावरून पडणारं पाणी ड्रममध्ये धरा आणि या कुंड्यांना तेच द्या, महिन्यातून एकदा भरपूर, बुडातून वाहून जाईल इतकं. चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज घेता येईल असं लोह, कृषी सेवा केंद्रात मिळतं, पाकिटावरच्या मापानं फवारा. खत म्हणून जूनमध्ये मूठभर कुजलेलं शेणखत, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात पंधरा दिवसांनी एकदा शून्य शून्य पन्नास, म्हणजे पाण्यात विरघळणारं पालाशचं खत, लिटरला दोन ग्रॅम. शेतात फवारायला घरी असतंच, वेगळं आणायला नको. ऑक्टोबरनंतर कोणतंही खत नाही.

कुंडी दरवर्षी बदलू नका. तीन-चार वर्षांनी, कांद्यांनी कुंडीची कड गाठली की मगच, आणि तेही एप्रिलच्या सुरुवातीला, जाग येण्याआधी. तेव्हा आजूबाजूची पिल्लं अलगद वेगळी होतात. फूल वाळल्यावर कधी लाल फळं धरतात, त्यांतल्या बिया पेरता येतात, पण बियांपासून फुलापर्यंत तीन ते पाच वर्षं जातात. पिल्लांनाही आकाराप्रमाणे दोन-तीन वर्षं लागतात. मी जाऊबाईंना दोन पिल्लं दिली आहेत, वसमतला. तिसरं वर्ष चालू आहे, फूल अजून नाही. यंदा पानं सहा आली, आणि दिवाळीत त्यांनी ती कापली नाहीत.